चव्वेचाळिसाव्या आठवड्यातला बुधवार

१

सरकारी पत्राची भाषा एकदम गोड होती. 'खेद वाटतो' दोनदा, 'आपल्या त्रासाची आम्हाला जाणीव आहे' एकदा. पण सगळा गोडवा पुसला तर खाली एकच गोष्ट उरत होती. तुवा नॉर्लिंग आणि तिची आई दहा वर्षं खोटं बोलतायत.

तुवाने ते पत्र रेकॉर्ड रूमच्या काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "ए, तू व्हेंडेला ना? जुने कागद सांभाळणारी? मग ह्यात लिहिलेला कागद मला दाखव. कारण असा कागद असूच शकत नाही."

व्हेंडेला रास्क म्हणजे अर्नहेडे नगरपालिकेची रेकॉर्डवाली. वय चौतीस, आणि डोक्यात संशयाची कायमची वस्ती. तिच्यापुढे कुणी 'सुप्रभात' म्हटलं तरी ती आधी घड्याळ बघायची. तिने पत्र उचललं.

गोष्ट साधी होती. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. अख्ख्या स्वीडनने रांगेत उभं राहून लस घेतली. तुवा तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या शाळेत नोव्हेंबरच्या मध्यात लस दिली गेली आणि जानेवारीत पोरगी झोपायला लागली. जेवताना झोप, सायकलवर झोप. आणि हसू आलं की गुडघेच गळायचे, धाडकन खाली. असं शेकडो मुलांचं झालं. शेवटी सरकारने मान्य केलं, भरपाई देऊ म्हणाले. अट एकच, आजार लसीनंतर सुरू झालेला असला पाहिजे.

आणि पत्रात म्हटलं होतं, 'शाळेच्या कागदांनुसार २८ ऑक्टोबर २००९ रोजीच आजाराची लक्षणं दिसत होती.' म्हणजे लसीच्या दोन आठवडे आधी! दावा फेटाळला. हरकत घ्यायची तर ह्या शुक्रवारपर्यंत.

"आज मंगळवार," व्हेंडेला म्हणाली.

"मला माहितीये. मी झोपाळू आहे, बावळट नाही." तुवा खुर्चीत बसली. एकोणीस वर्षांची, पण डोळे शिफ्ट संपवून आलेल्या कामगाराचे. "आईने मार्चमध्येच मला डॉक्टर हाउगानकडे नेलं होतं, २०१० च्या. तो म्हणाला, टीव्ही बंद करा, लवकर झोपवा. चार वर्षं तेच ऐकवत होता. पैसे मिळाले तर मिळाले गं. पण आम्ही खोटारडे, हे कागदावर राहणार ना? कायमचं? तुझ्याच ह्या तळघरात?"

व्हेंडेलाला ते लागलं. तिच्या तळघरात खोटं? तिने किल्ल्या उचलल्या.

२

शाळेचे जुने हेल्थ कार्ड जूनमध्येच तिच्या ताब्यात आले होते. तुवाचा लिफाफा काढला. आत सहा पानं, सगळी निळ्या शाईत, गोल गोल अक्षरात. सिस्टर गुन्व्होरचं अक्षर. उंची, वजन, कानदुखी, गोवर. आणि सातवा कागद? छोटी चिठ्ठी. टाइप केलेली.

'आठवडा ४४, बुधवार. तुवा वर्गात पुन्हा झोपली. शिक्षकाने माझ्याकडे पाठवलं. तिसरी वेळ.' खाली सिस्टरचा शिक्का. सही नाही.

इथे तारीख कुणी सांगत नाही हो, वर्षातल्या आठवड्याचा आकडा सांगतात. दातांच्या डॉक्टरपासून लग्नापर्यंत. राजधानीतल्या भरपाईवाल्यांनी बसून त्या आकड्याची तारीख काढली असणार, २८ ऑक्टोबर, आणि पत्रात घातली असणार. व्हेंडेलाला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिचा डोळा भलतीकडेच अडकला होता.

स्टेपलरच्या पिनेवर.

शाळेचं तळघर ओलं. दहा वर्षं तिथे राहिलेल्या प्रत्येक पिनेला गंज होता, कागदावर तपकिरी डाग होते. ह्या चिठ्ठीची पिन मात्र नव्या नवरीच्या नथीसारखी चमकत होती. खाली डागाचं नावही नाही.

"काय झालं?" तुवाने विचारलं.

"हा कागद दहा वर्षांपूर्वीचा नाही. हा ह्याच वर्षी कुणीतरी आत घातलाय." व्हेंडेलाने आवाज खाली आणला, तळघरात तिसरं कुणी नसतानाही. "आणि ज्याने घातला तो ह्याच गावातला आहे."

३

आधी फोन मुख्याध्यापकाला. होकान बिलुंड. हाच माणूस २००९ साली तुवाचा वर्गशिक्षक होता!

"सिस्टरच्या खोलीच्या किल्ल्या किती?"

"तीन. एक माझ्याकडे, एक शाळेच्या डॉक्टरकडे म्हणजे हाउगानकडे, एक गुन्व्होरकडे. ती रिटायर झाली तरी परत केलेली नाही. मागायची माझी हिंमत नाही."

"शिक्का कुठे असतो?"

"ड्रॉवरमध्ये. का गं?"

"एप्रिलमध्ये भरपाईवाल्यांनी तुवाचे कागद मागवले, ते कुणी पाठवले?"

"मी हाउगानला सांगितलं, त्याने गुन्व्होरला बोलावलं, लिफाफा माझ्या टेबलावर आला, मी झेरॉक्स काढून पाकिटात घातल्या. तिघांचेही हात लागले म्हण ना. व्हेंडेला, तू मला काय विचारतेयस नक्की?"

"तू २८ ऑक्टोबर २००९ ला तुवाला सिस्टरकडे पाठवलंस का?"

तो हळूच म्हणाला, "दहा वर्षांपूर्वीचा दिवस कुणाला आठवतो? पाठवलंही असेल. त्या पोरीला मी... तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं गं. मी तिला आळशी म्हणायचो. सगळ्यांसमोर उभी करायचो." आणि फोन ठेवून दिला.

झालं! व्हेंडेलाने वहीत त्याच्या नावासमोर संशयाची फुली मारली. पोर आधीपासूनच आजारी होती असं ठरलं, तर होकानचा काय फायदा? छे, उलट जास्तच क्रूर दिसेल. तिने फुली खोडली. मग परत मारली. लाज वाटणारा माणूस काहीही करू शकतो.

४

सिस्टर गुन्व्होर विक्नर गावाबाहेर पिवळ्या घरात राहायची. वय त्र्याहत्तर. तिने गावातल्या निम्म्या लोकांना सुया टोचल्यात, आणि उरलेल्या निम्म्यांच्या डोक्यातल्या उवा पाहिल्यात.

"कॉफी?" म्हणाली. दालचिनीचे बन मांडले. व्हेंडेलाने चिठ्ठीचा फोटो पुढे सरकवला.

म्हातारीने चष्मा लावला, फोटो पाहिला आणि चष्मा काढला.

"हे तू लिहिलंस?"

आता इथली एक गंमत. ह्या भागात 'हो' तोंडाने म्हणत नाहीत. ओठांचा चंबू करून श्वास आत ओढतात, 'श्शुप्', की झाला होकार. नवीन माणसाला वाटतं ह्याला दम्याचा झटका आला. तर गुन्व्होरने श्वास ओढला खरा, पण अर्धाच. मध्येच अडकला.

"शिक्का माझा आहे," ती म्हणाली.

"मी शिक्क्याचं नाही विचारत."

"शिक्का माझा म्हणजे लिहिलं मीच असणार. अजून काय पाहिजे?"

"तू कधी टाइप करायचीस, सिस्टर? बाकी सगळी पानं हाताने आहेत."

"बन खा. गार होतोय."

"बन गारच आहे."

गुन्व्होर उठली आणि खिडकीशी गेली. बाहेर रानात एल्क हरणांच्या शिकारीचे बार उडत होते. "कारिना नको म्हणत होती, माहितीये तुला? तुवाची आई. लस नवी आहे, थांबू या म्हणत होती. मी तिच्या घरी गेले. पाऊण तास बसले. म्हटलं, आपण आपल्यापुरतं नाही घेत, शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईसाठी घेतो. माझं ऐकलं तिने." ती वळली. "एप्रिलमध्ये हाउगानने ती चिठ्ठी मला दाखवली. म्हणाला, बघ, तू विसरलीस, पोरगी आधीपासूनच झोपायची. त्या रात्री मला नऊ वर्षांत पहिल्यांदा गोळीशिवाय झोप लागली. आता जा तू."

दार बंद. व्हेंडेला पायरीवर उभी. म्हातारीकडे किल्ली आहे, शिक्का आहे, आणि कारण तर डोंगराएवढं! लस देणाऱ्या हातानेच खोटी चिठ्ठी लिहिली असेल, तर तुवाला हे सांगायचं कुणी?

५

डॉक्टर सिगब्यॉर्न हाउगान बुधवारी दुपारी भेटला, डब्यासकट. हा नॉर्वेचा माणूस. सरहद्द इथून पन्नास मिनिटांवर, तो रोज गाडीने येतो-जातो. बायको, पोरं, घर, सगळं पलीकडे. पगार तेवढा अलीकडचा. डब्यात पावाच्या चकत्या, त्यावर त्यांचं ते गोडूस तपकिरी चीज, मध्ये कागद.

"बिचारी सिस्टर," तो म्हणाला. "वय झालंय. जे लिहिलं तेही आठवत नाही."

"तिला तो कागद तू दाखवलास."

"फाइल चाळताना सापडला. लपवायचा होता का मी?" तो मोठ्याने हसला. "हे बघ व्हेंडेला, आयांना सोयीचं तेवढंच आठवतं. लसीच्या आधी पोरगी ठणठणीत होती असं सगळ्याच म्हणतात."

"तू तिला पहिल्यांदा कधी पाहिलंस?"

"असेल केव्हातरी. तपासावं लागेल."

टेबलावर तीन पोरांचा फोटो होता, बर्फाच्या टोप्या घातलेली. व्हेंडेलाने सहज विचारलं, "ह्यांना आणतोस की नाही कधी इकडे?"

"शरदाच्या सुट्टीत होती ना इथे! रोज माझ्याबरोबर यायची, मासे पकडले, माझं डोकं खाल्लं, गेली परत शाळेत. दोन आठवडे झाले, आता नाताळापर्यंत शांतता." त्याने डबा बंद केला. "ती म्हातारी काही कबूल करणार नाही. सोडून दे. तिला कशाला छळतेस?"

किती काळजी! व्हेंडेला बाहेर पडली. काहीतरी टोचत होतं, चपलेतल्या खड्यासारखं. पण काय ते सापडेना.

६

गुरुवार. कॉफीची वेळ. रेकॉर्ड रूममध्ये व्हेंडेला, तिचा सहकारी बोस्से आणि कोपऱ्यात खुर्चीतच डुलकी लागलेली तुवा.

"हरकतीत पिनेचं लिहून दे ना," बोस्से म्हणाला.

"पिन पुरत नाही. म्हणतील, पिन बदलली असेल. चिठ्ठी खोटी आहे हे चिठ्ठीनेच सांगायला हवं."

"मग उद्या काय ते उरक बाई. पुढचा आठवडा मी नाही. पोरांना घेऊन सासूकडे."

"का?"

"का म्हणजे? चव्वेचाळीस नाही का!"

व्हेंडेलाच्या हातातला बन कॉफीत पडला. अख्खा. कॉफी तुवाच्या पँटवर उडाली, तुवा जागी झाली.

"काय?"

"अगं आई गं," व्हेंडेला पुटपुटली. "चव्वेचाळीस! भरपाईवाल्यांनी त्याची तारीख केली आणि सगळेच फसलो. आणि मी चिठ्ठी हातात धरून पिनेकडे बघत बसले!" तिने फोन उचलला. "होकान? उद्या सकाळी नऊला सिस्टरच्या खोलीत ये. मी काहीही बोलले तरी पाच मिनिटं तू तोंड उघडायचं नाहीस. आणि हाउगानला सांग, सिस्टरचं प्रकरण मिटवायचंय. लगेच येईल."

७

शुक्रवार, नऊ. खोलीत तीच जुनी उंची मोजायची पट्टी. गुन्व्होर कोट न काढताच खुर्चीच्या काठावर बसलेली. होकान टेबलाजवळ, व्हेंडेलाच्या बाजूला उभा. तुवा खिडकीत. डॉक्टर सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात ऐसपैस बसला.

व्हेंडेलाने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "सिस्टर म्हणते तिला नीट आठवत नाही. डॉक्टर, तू तेव्हा इथेच होतास. हा चव्वेचाळिसावा आठवडा, बुधवार. तुला काही आठवतं?"

होकानचं तोंड उघडलं. व्हेंडेलाने त्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

हाउगानने गुन्व्होरकडे पाहिलं. म्हातारी जमिनीकडे बघत होती. "आठवतं," तो म्हणाला. "तिला त्रास होऊ नये म्हणून बोललो नाही इतके दिवस. मी त्या दिवशी शाळेतच होतो. मधली सुट्टी होती, अंगणात पोरांचा नुसता कालवा. सिस्टर तुवाला हाताला धरून घेऊन आली. पोरीचे डोळे मिटत होते."

"नक्की तोच बुधवार? आधीचा, नंतरचा नाही?"

"नक्की. मी स्वतः पाहिलं."

"होकान," व्हेंडेलाने पाय उचलला, "बोल आता. त्या बुधवारी अंगणात किती पोरं होती?"

"एकही नव्हतं!" होकान जवळजवळ ओरडलाच. "चव्वेचाळीस म्हणजे शरदाची सुट्टी! शाळेला कुलूप असतं. दरवर्षी. आम्ही स्वतः शाळेत होतो तेव्हापासून!"

हाउगानचा हात चहाच्या कपाकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

"इथलं शेंबडं पोरही झोपेत सांगेल," व्हेंडेला म्हणाली. "होकान वीस वर्षं शाळेच्या वेळापत्रकावर जगतोय, तो हा आकडा लिहिणं शक्य नाही. सिस्टर चाळीस वर्षं ह्या खोलीला त्या आठवड्यात कुलूप लावत होती, तीही लिहिणार नाही. हा आकडा तोच लिहील ज्याच्या घरी ती सुट्टी तीन आठवडे आधीच होऊन जाते. तुझी पोरं मासे पकडून कधीच परत गेली ना, सिगब्यॉर्न?"

"सिस्टरने आठवडा चुकीचा टाकला असेल!"

"असं तू आधी म्हणाला असतास तर मी गप्प बसले असते. पण तुला तर पोरांचा कालवा ऐकू आला."

हाउगानने टेबलावरच्या चिठ्ठीकडे हात सरकवला, अगदी हळू.

"घे की," व्हेंडेला म्हणाली. "ही रंगीत झेरॉक्स आहे. खरी सकाळी आठला नोंदवहीत चढली, पिनेच्या फोटोसकट. एकदा नोंदलेला कागद इथे राजालाही गायब करता येत नाही."

"पण का?" तुवा पहिल्यांदाच बोलली. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

उत्तर व्हेंडेलानेच दिलं. "मार्च २०१० मध्ये तुझ्या आईने त्याला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद करायला सांगितला. सहा महिन्यांनी पेपरात अशा मुलांच्या बातम्या आल्या. लसीचा नुसता संशय आला तरी वर कळवायचं, हे डॉक्टरला बंधन आहे. त्याने नाही कळवलं. एक वर्ष गेलं, मग चार गेली, मग सांगायचं तोंड राहिलं नाही. एप्रिलमध्ये तुझी फाइल मागवली, तेव्हा तो घाबरला. आजार लसीच्या आधीचाच ठरला, तर कळवायचं काही राहतच नाही."

हाउगानने कोट चढवला. दाराशी थांबून तो होकानला म्हणाला, "आमच्याकडे सुट्टी एक्केचाळीसला असते." जणू तेवढाच काय तो अन्याय झाला होता. आणि गेला.

८

राहिली गुन्व्होर.

"तो अख्खा आठवडा मी जिल्ह्याच्या इस्पितळात होते," ती म्हणाली. आवाज कागदासारखा कोरडा. "हीच लस कशी द्यायची ते शिकायला. एप्रिलमध्ये मी आकडा बघितलाच नाही, पण मंगळवारी तू फोटो दाखवलास तेव्हाच कळलं होतं मला."

"मग 'मीच लिहिलं' का म्हणालीस?"

"कारण मी ते लिहिलेलं असावं, असं मला फार वाटत होतं."

व्हेंडेलाने जबाबाचा कागद पुढे केला. दोन ओळी होत्या. ही चिठ्ठी मी लिहिलेली नाही. लसीच्या आधी तुवाची अशी कुठलीही तक्रार नव्हती. दुपारच्या टपालात पडला तर हरकत मुदतीत धरली जाणार होती. गुन्व्होरने पेन हातात घेतलं आणि धरून बसली. सही केली की दोष परत तिच्या दारात, तो पाऊण तासही, सगळंच. होकान भिंतीवरची पट्टी वाचायला लागला.

तुवा खिडकीतून उठली आणि म्हातारीच्या शेजारी येऊन बसली.

"सिस्टर, तुला आठवतं, सुई टोचल्यावर तू सगळ्यांना स्टिकर दिलेस? मला एल्कचा हवा होता."

"संपले होते," गुन्व्होर पुटपुटली. "तुला बेडूक मिळाला."

"दहा वर्षं मी हरकत घ्यायची म्हणतेय, ती त्या बेडकाबद्दल."

गुन्व्होरला काही कळायच्या आत हसू फुटलं, रडण्यातूनच. ते बघून तुवाही हसली, आणि व्हायचं तेच झालं. मान लुळी पडली, गुडघे गेले, पोरगी खुर्चीवरून घसरायला लागली. होकान धावला. पण त्र्याहत्तर वर्षांची गुन्व्होर त्याच्या आधी जमिनीवर होती. तिने तुवाचं डोकं फरशीला टेकू दिलं नाही, मांडीवर घेतलं.

"तुला सगळं ऐकू येतंय ना अशा वेळी?" तिने विचारलं.

तुवाला मान हलवता येत नव्हती. तिने ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला.

"पेन दे गं इकडे," गुन्व्होर व्हेंडेलाला म्हणाली, आणि तिथेच खाली बसल्या बसल्या, तुवाच्या पाठीखालचा हात न काढता, निळ्या शाईत गोल गोल अक्षरात सही केली. खाली तारीख घातली. तारखेपुढे आठवड्याचा आकडाही.